कोकणातल्या घरासाठी कॉम्पॅक्ट एसयूव्ही: व्हेरिअंट कुठलं घ्यायचं?

चिपळूणच्या शोरूममध्ये त्या पोराने माहितीपत्रकाची घडी उलगडली तेव्हा टेबल अपुरं पडलं. डावीकडे फीचर्सची यादी, वर व्हेरिअंटची, म्हणजे एकाच गाडीच्या कमी-जास्त फीचर्सच्या मॉडेलांची, नावं, आणि मध्ये नुसते ठिपके आणि रेघा. ठिपका म्हणजे आहे, रेघ म्हणजे नाही. आईने चष्मा पुसून कागद जवळ ओढला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "यातली आपली घाटी चढते ती कुठली?" पोरगा हसला. प्रश्न मात्र नेमका होता. पुढचे दोन महिने मी त्याचंच उत्तर शोधत होतो.

आमचं घर गुहागर तालुक्यात. डांबरी रस्ता सोडला की दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, मधून उतरणारी लाल मातीची वाट (तीच आमची घाटी), आणि वाटेच्या टोकाला अंगण. आधीची गाडी हॅचबॅक होती, सगळ्यात खालचं मॉडेल. तेव्हा वाटलं होतं की वाचलेल्या पैशांत पडवीला फरशी होईल. फरशी झाली. पण त्या गाडीला मागच्या काचेवर वायपर नव्हता. एका जुलैत भर पावसात गाडी रिव्हर्सने वर घेताना मान बाहेर काढून अर्धा भिजलो, आणि तरी मागचा डावा दिवा गडग्याला लागलाच. त्या दिवशी कळलं की गाडी कुठल्या कंपनीची हा प्रश्न नंतरचा. माहितीपत्रकातला कुठला ठिपका आपल्या वाटेवर उपयोगी पडतो, ते आधी बघायचं.

आधी घराची वाट मोजा

हे काम शोरूमला जाण्यापूर्वीचं आहे. दोन काठ्या, एक सुतळी आणि मोजपट्टी एवढंच लागतं.

पहिली काठी बरोबर दोन मीटरची कापा. ही आडवी धरून डांबरीपासून अंगणापर्यंत चालत जा. चार मीटरच्या आतल्या गाड्यांची रुंदी साधारण १.८ मीटर असते: मारुतीची ब्रेझा १७९० मिमी, टाटाची नेक्सॉन १८०४, महिंद्राची एक्सयूव्ही ३एक्सओ १८२१. या मापात आरसे धरलेले नसतात. आरसे उघडे असले की दोन मीटरच्या आसपास जागा लागते. काठी कुठे गडग्याला टेकली तर तिथे खडूने खूण करा. आमच्याकडे दोन ठिकाणी टेकली. म्हणजे बटणावर मिटणारे आरसे ही आमच्यासाठी चैन नव्हती, रोजची गरज होती. बऱ्याच गाड्यांत ते खालच्या व्हेरिअंटला मिळत नाहीत. तुमची काठी कुठेच टेकली नाही तर त्या ठिपक्यासाठी पैसे मोजू नका.

दुसरं माप उंचवट्याचं. वाट जिथे डांबरीला मिळते तिथे बहुतेक घरांपाशी एक कुबड असतं, आणि गाडीचं पोट घासतं ते तिथेच. या वर्गातल्या गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण अडीच मीटर अंतर असतं. दोन खुंट्या अडीच मीटरवर ठोका, कुबड दोघींच्या मध्ये येईल अशा. दोन्हींवर जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर सुतळी ताणून बांधा, आणि कुबडाच्या माथ्यापासून सुतळीपर्यंतचं अंतर मोजा. ते १८ सेंटिमीटर भरलं तर कुबड १२ सेंटिमीटरचं आहे.

कंपन्या ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर) सांगतात तो बहुधा रिकाम्या गाडीचा: नेक्सॉन २०८ मिमी, ब्रेझा १९८, स्कोडाची कायलॅक १८९. गणपतीला पाच माणसं, मागे सामान, असं भरलं की गाडी खाली बसते. म्हणून मी १५ सेंटिमीटर ही मर्यादा धरली. कुबड त्याहून मोठं असेल तर महागडं व्हेरिअंट घेऊन उपयोग नाही, कारण एकाच गाडीच्या सगळ्या व्हेरिअंटची उंची जवळपास तीच असते. चार घमेली माती काढा. स्वस्तात होतं.

ज्यांना दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ किंवा दिघी–आगरदांडा अशा फेरीबोटींनी जावं लागतं त्यांनी एकदा ओहोटीला धक्क्यावर उभं राहून बघावं. पाणी उतरलं की बोटीच्या फळीचा आणि धक्क्याच्या उताराचा कोन बदलतो आणि पुढचा बंपर खाली टेकतो. वरच्या व्हेरिअंटला किंवा अ‍ॅक्सेसरी म्हणून बंपरखाली चिकटवलेली शोभेची पट्टी सगळ्यात आधी तिथेच सुटते.

दहा लाखांचा उंबरठा

आता पैसे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंत पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंत डिझेल इंजिन असलेल्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्यांवर ४०. ब्रेझा लांबीला बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्याने ती ४० टक्क्यांत जाते. हा कर शोरूमच्या किमतीत आधीच धरलेला असतो, त्यामुळे तो डोळ्याला खुपत नाही. खुपतो तो पुढचा.

महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स लागतो आणि १० ते २० लाखांत १२ टक्के. डिझेलला तेच १३ आणि १४. वाढीव टक्का दहा लाखांच्या वरच्या रकमेवर नाही, सगळ्या किमतीवर लागतो. शिवाय दहा लाख ओलांडले की शोरूम एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केलेला आयकर, घेतं. तो आयकर विवरणपत्र भरून परत मिळवता येतो, पण आज खिशातून जातोच.

एक हिशेब करून बघा. पेट्रोलचं एक व्हेरिअंट ९ लाख ९० हजारांचं, त्याच्या वरचं १० लाख ३० हजारांचं. फरक चाळीस हजारांचा दिसतो. रोड टॅक्स पहिल्याला १,०८,९००, दुसऱ्याला १,२३,६००, म्हणजे १४,७०० जास्त. टीसीएस १०,३००. चाळीस हजारांचे झाले पासष्ट, आणि विमा अजून धरलेलाच नाही. मिटणारे आरसे आणि मागचा वायपर यासाठी पासष्ट हजार द्यायचे की नाही, हा खरा सवाल. आम्ही दिले. पण शोरूमवाल्याच्या तोंडचा आकडा चाळीसच होता, हे ध्यानात ठेवा. भाव विचाराल तेव्हा दोन्ही व्हेरिअंटचे रस्त्यावर येईपर्यंतचे आकडे शेजारी शेजारी लिहून मागा.

माहितीपत्रक कसं वाचायचं

प्रत्येक कंपनीची बाराखडी वेगळी. मारुतीची एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय, झेडएक्सआय प्लस ही जुनी आणि सोपी चढण. टाटाची स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस, आणि मागे 'एस' लागलं की सनरूफ. स्कोडा कायलॅकची क्लासिक, सिग्नेचर, सिग्नेचर प्लस, प्रेस्टीज. महिंद्राची एमएक्स आणि एएक्स. नावं पाठ करत बसू नका, वर्षा-दोन वर्षांत बदलतात. खालून वर जाताना प्रत्येक पायरीवर नेमकं काय वाढलं, तेवढंच कागदावर उतरवा.

आणि यादीतल्या भरताडीवर आधी काट मारा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा, २०१९ पासून सगळ्या गाड्यांना सक्तीचा आहे. मागचे पार्किंग सेन्सर, सीटबेल्टची आठवण देणारा आवाज आणि ८० च्या पुढे वाजणारी वेगाची सूचना १ जुलै २०१९ पासून. पुढच्या दोन्ही एअरबॅग १ जानेवारी २०२२ पासून. तरी ही सगळी माहितीपत्रकात छाती फुगवून छापलेली असतात. सहा एअरबॅगही आता नेक्सॉन, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक, सोनेट अशा गाड्यांत अगदी खालच्या व्हेरिअंटपासून मिळतात. ही नावं खोडून टाकली की तीसएक ओळींपैकी खऱ्या निवडीच्या दहा-बाराच उरतात.

भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या, चाचण्या १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाल्या आहेत. तारे किती ते बघाच, पण निकाल तुम्ही घेताय त्या व्हेरिअंटलाही लागू आहे का, तेही विचारा.

ज्या ठिपक्यांसाठी पैसे मोजावेत

मागचा वायपर आणि डीफॉगर (काच तापवून तिच्यावरची वाफ घालवणाऱ्या तारा). माझा राग आधीच सांगितला आहे, पण कारणही सांगतो. उंच, उभ्या पाठीच्या गाडीच्या मागे हवेची पोकळी होते आणि चाकांनी उडवलेला चिखल तिथे वर ओढला जातो. सेडानची तिरकी काच त्यामानाने स्वच्छ राहते, एसयूव्हीची राहत नाही. आमच्याकडची लाल माती पाच किलोमीटरांत काच विटकरी करून टाकते. "कॅमेरा आहे की," असं सांगतील. कॅमेऱ्याच्या भिंगावरही तीच माती बसते, आणि त्याला वायपर नसतो.

फॉग लॅम्प. ही ओळ हल्ली हळूच गाळली जाते. आंबोली किंवा कुंभार्ली घाटात ऑगस्टमध्ये धुकं उतरलं की हेडलाइटचा प्रकाश समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आपटून डोळ्यांत परत येतो. फॉग लॅम्प खाली बसवलेला असतो आणि रुंद, सपाट झोत टाकतो, त्यामुळे निदान रस्त्याची कड दिसते. मला पिवळसर उजेड पावसात जास्त सोयीचा वाटतो. शोरूमने "आपण बाहेरून लावून देऊ" म्हटलं तर थांबा. माझ्या चुलतभावाला एका शोरूमने असेच लावून दिले, पुढे वायरिंगचा बिघाड निघाला आणि त्याच शोरूमने वॉरंटी नाकारली, कारण काय तर वायर कापलेली आहे. कापली कुणी, याला उत्तर नाही.

हिल होल्ड आणि ईएससी. घाटीवर थांबून पुन्हा निघताना पाय ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर जाईपर्यंत हिल होल्ड साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवतो. ओल्या शेवाळावर ती दोन सेकंदं फार मोठी असतात. ईएससी म्हणजे वळणावर गाडी घसरायला लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ ठेवणारी यंत्रणा. दोन्ही बहुधा एकत्रच येतात. हे नसेल तर ते व्हेरिअंट मी यादीतून काढूनच टाकीन, बाकी कितीही दिलेलं असो.

टायरमधल्या हवेचा दाब दाखवणारी सोय हवी. आतल्या गावात पंक्चरवाला रात्री आठनंतर सापडत नाही. हवा हळूहळू कमी होतेय हे आधी कळलं तर मुक्कामी पोचता येतं.

टायरचा आकार मात्र उलटा बघायचा. या वर्गात २१५/६० आर१६ हे नेहमीचं माप: टायरची रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि चाक किती इंची. काही गाड्यांच्या वरच्या व्हेरिअंटला १७ इंची चाकं येतात, उदाहरणार्थ ३एक्सओला २१५/५५ आर१७. पहिल्या टायरच्या रबराची भिंत १२९ मिमी, दुसऱ्याची ११८. सेंटिमीटरभर फरक. पण तो सेंटिमीटर खड्ड्याच्या धारदार कडेपासून रिम वाचवतो. स्टेपनी कुठल्या मापाची आहे तेही डिकी उघडून बघा, बऱ्याचदा ती छोटी असते.

मागच्या सीटला एसीचा झरोका हवा. मे महिन्यात मागे तीन माणसं बसली की तो नसल्याचं पहिल्या अर्ध्या तासात कळतं. ऑटोमॅटिक एसी मात्र नसला तरी चालतो. पावसात पुढची काच आतून धुरकटली की एसी चालू, झोत काचेकडे, आणि आतलीच हवा फिरवण्याचं बटण बंद. एवढं हाताने करता येतं.

आणि ज्यांच्यासाठी नाही

सनरूफ. घरातल्या लहान मुलांचा रोष पत्करून लिहितो. आमची गाडी उभी राहते ती माडांच्या बागेत. पिकलेला नारळ वरून सुटतो तेव्हा तो कुठलं व्हेरिअंट आहे हे बघत नाही. पत्र्याला पोचा पडतो, तो निघतो. काचेचं काय होईल याची कल्पना करा. नारळ बाजूला ठेवला तरी सुरूच्या काड्या आहेतच. सनरूफच्या चौकटीत पाणी वाहून जायला बारीक नळ्या असतात. समुद्राकाठच्या सुरूची सुईसारखी पानं त्यात अडकली की पाणी तुंबतं, आणि तुंबलेलं पाणी आतल्या दिव्यातून तुमच्या मांडीवर टपकतं. शहरात राहून वर्षातून दोनदा गावी येणाऱ्याला सनरूफ लखलाभ. पण कायम इथे राहणाऱ्याने तेच पैसे विम्याच्या अ‍ॅड-ऑनमध्ये, म्हणजे जादा हप्ता भरून मिळणाऱ्या जादा संरक्षणात, घालावेत.

फिकट रंगाच्या लेदरसारख्या सीट. दमट हवेत गाडी दोन आठवडे बंद राहिली की त्यांवर बुरशीची पांढरी साय येते. काळं किंवा राखाडी कापड बरं.

एडास, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणाऱ्या यंत्रणा. समोर गाडी आली की आपणहून ब्रेक लावणारी यंत्रणा महामार्ग क्रमांक ६६ वर कामाची आहे, नाही असं नाही. लेन धरून ठेवणाऱ्या भागाला मात्र रस्त्यावर पांढरे पट्टे दिसावे लागतात. आमच्या आतल्या रस्त्यांवर पट्टे नाहीत, गुरं आहेत. महिन्यातून चार वेळा मुंबईला जाणाऱ्याने घ्यावं.

इलेक्ट्रॉनिक, म्हणजे बटणावर लागणाऱ्या, हँडब्रेकविषयी एक सूचना खास चाकरमान्यांसाठी. गाडी गावी ठेवून तुम्ही दोन-दोन महिने मुंबईत असाल तर साधा दांड्याचा हँडब्रेकच बरा. खाऱ्या, ओल्या हवेत ब्रेक आवळलेला राहिला तर तो चिकटतो. दांड्याचा असेल तर सपाट जागी तो सोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाखाली चिरा लावता येतो. इलेक्ट्रॉनिक सोडवायला बॅटरीत जीव लागतो, आणि दोन महिन्यांत नेमका तोच गेलेला असतो.

(अँटेना माशाच्या पंखासारखा आखूड असला तर उत्तम. लांब दांडीवाला वानरांना फार आवडतो.)

इंजिन आणि गिअर

इथे थोडक्यात. रोज बाजारापर्यंत चार-पाच किलोमीटर जाऊन परत येणाऱ्याने डिझेल घेऊ नये. बीएस६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) डिझेलमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ती काजळी जाळायला गाडी मधूनमधून पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने पळावी लागते. गावातल्या गावात ते होत नाही, मग दिवा पेटतो आणि वर्कशॉपच्या खेपा सुरू होतात. सीएनजी घ्यायची तर पंप किती लांब आणि रांग किती, हे आधी स्वतः जाऊन बघा. टाटाच्या जोडसिलिंडरच्या (एका मोठ्याऐवजी दोन लहान) रचनेत डिकी वापरण्याजोगी उरते.

ऑटोमॅटिकचे तीन प्रकार. एएमटी, म्हणजे साधाच गिअरबॉक्स पण क्लच-गिअर यंत्राने बदलणारा, स्वस्त असते, पण चढणीवर गिअर बदलताना क्षणभर दम सोडते. टॉर्क कन्व्हर्टर घाटात सगळ्यात शांत. ड्युअल क्लच चपळ, पण गणपतीच्या रांगेत चढावर इंच इंच सरकताना तापू शकतो. आईने दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि म्हणाली, "गिअरची घे, वाडीतल्या कुणालाही चालवता येईल." मॅन्युअल घेतली.

डिकीची परीक्षा पेटीने

सोनेट ३८५ लिटर, नेक्सॉन ३८२, ब्रेझा ३२८. हे लिटर आंब्याच्या पेटीला कळत नाहीत. पेटी लाकडाची, ती दबत नाही. मी रिकामी पेटी घेऊन शोरूमला गेलो. लोक बघत होते, बघू दे. दोन गाड्यांत पेटी आत मावत होती, पण दारातून आडवी जात नव्हती, उभी करावी लागायची. उभ्या पेटीतल्या हापूसचं काय होतं ते सांगायला नको. उंबऱ्याची उंचीही बघा: भरलेली पेटी कमरेपर्यंत उचलावी लागते की मांडीपर्यंत. मागची सीट साठ-चाळीस अशी दुभंगते का? ही सोय काही गाड्यांत वरच्या व्हेरिअंटलाच मिळते, आणि एका बाजूला माणूस, दुसऱ्या बाजूला पेट्या असा प्रवास वर्षातून एकदा तरी होतोच.

टेस्ट ड्राइव्ह, विमा आणि ताबा

टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या पुढच्या सिमेंटच्या रस्त्यावर करून काही कळत नाही. गाडी घरी मागवा. बहुतेक शोरूम पाठवतात, फक्त आग्रह धरावा लागतो. चार माणसं बसवून आपल्या घाटीवर मधोमध थांबवा आणि पुन्हा उचला. येणारी गाडी बहुधा टॉप व्हेरिअंटची असते, म्हणून तिच्यात भाळू नका. आपल्याला घ्यायच्या व्हेरिअंटमध्ये यातलं काय नसेल ते हाताने झाकून बघा. आम्ही स्क्रीनवर रुमाल टाकून गाडी वर आणली. आलेल्या पोराला आम्ही वेडे वाटलो असू.

विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. दुसरीकडून भाव घ्या, पण इंजिन प्रोटेक्शनचं अ‍ॅड-ऑन सोडू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा गाड्या बुडाल्या. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट केली की पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत. अ‍ॅड-ऑन असलं तरी बुडालेली गाडी स्टार्ट करू नका, टोइंग बोलवा.

शोरूमच्या अ‍ॅक्सेसरीज पॅकेजमधल्या चकचकीत क्रोमच्या पट्ट्या काढायला सांगा. खारं वारं त्यांना दोन पावसाळ्यांत खाऊन टाकतं. त्याऐवजी गाडीच्या पोटाला गंजरोधक कोटिंग करून घ्या, तेही मे संपायच्या आत, गाडी पूर्ण कोरडी असताना. समुद्राच्या वाळूवर गाडी उतरवलीच तर त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवा.

ताबा घेताना दिवसाउजेडी जा. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते विचारा आणि चासी नंबर कागदाशी ताडून बघा. मग ठिपक्यांचा तो कागद काढा आणि आपल्या व्हेरिअंटच्या रकान्यातली प्रत्येक गोष्ट चालवून बघा: वायपर, डीफॉगर, फॉग लॅम्प, मिटणारे आरसे, मागचा झरोका. आमच्या गाडीच्या उजव्या फॉग लॅम्पचा जोड सुटलेला निघाला. पंधरा मिनिटांत लावून दिला, पण तो सापडला तो आईला. गाडीला हार घालायचा म्हणून ती पुढे वाकली होती.